झाडाला नंबर मिळतो

बान नोंगखाम गावाच्या रानात एका जातीचं एकच झाड उरलं होतं. जगात दुसरं नव्हतं. ते तीस वर्षं सुखरूप होतं, कारण वनरक्षक प्रयोंगकाकांनी त्याबद्दल कोणाला सांगितलं नव्हतं.

यंदा अकरा वर्षांनी झाड फळलं. बिया पडतील, दोनचार तरी रुजतील, या आनंदात काकांची मती फिरली आणि त्यांनी वरच्या कार्यालयात मदतीचा अर्ज केला.

वीराफोनसाहेब तातडीने आले. "याचा नंबर काय?"

"झाडाला कसला नंबर, साहेब?"

"मग वाचवायचं काय? बिननंबराचं झाड कागदोपत्री मेलेलंच असतं, काका!" साहेबांनी बोटभर लांब खिळ्यांनी नंबराचा पत्रा खोडात ठोकला.

पंधरवड्याने सरकारी लॉटरीत नेमका तोच आकडा लागला. झालं! जुन्या झाडात बाई राहते आणि मनात आलं तर आकडे देते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माणसं गाड्या भरभरून आली. त्यांनी बाईला रेशमी कपडे आणले, लाल सरबताच्या बाटल्या ठेवल्या आणि पुढचा आकडा दिसावा म्हणून पावडर चोळचोळून खोडाची साल काढली.

काकांनी कपाळावर हात मारला. "साहेब, मुळं तुडवली जातायत!"

"मग संरक्षण करू की!" साहेबांनी मुळांवर सिमेंटचा पार बांधला, वर गुळगुळीत फरशी बसवली.

"अहो, बिया पडायच्यात! फरशीवर रुजणार कशा?"

"रुजणं आपल्या योजनेत येत नाही, काका. योजना झाड वाचवायची आहे."

बिया पडल्या. गर्दीने त्या टिपल्या आणि ताईत करून गळ्यात घातल्या. काका लोकांच्या पायांतून रांगत शोधत राहिले. एक मिळाली, ती साहेबांनी विनापरवाना वनोपज म्हणून जप्त केली. लाखेचा शिक्का मारलेल्या बाटलीत ती आजही कार्यालयाच्या कपाटात सुरक्षित आहे.

उन्हाळ्यात झाड वाळलं. धोक्यातल्या झाडांच्या यादीतून एक नाव कमी झालं, म्हणून साहेबांना बढती मिळाली. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

हल्ली लोक काकांच्या ओसरीवर येतात, "फार वाईट झालं हो," म्हणून हळहळतात. मग आवाज खाली आणतात, "काका, तुम्ही जवळच होतात. जाता जाता बाईने एखादा आकडा दिला असेल ना?"

काका तोंड फिरवतात. आणि तुम्ही हसू नका. एवढी गोष्ट वाचलीत, झाडाचं नाव काय, हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. पत्र्यावरचा नंबर मात्र मघापासून शोधताय.