पाईपाच्या पलीकडचा माणूस

आमचा रज्जाकभाई पाईपाचं तोंड गालाला घासून बघतो. बोटाने नाही. म्हणतो, "बोटं मेली कामात. गाल खोटं बोलत नाय." त्यामुळे गालावर कायम ओरखडे. चहावाला त्याला विचारतो, घरी मांजर पाळलंय का.

अंबडच्या आमच्या शेडात कापलेल्या पाईपाला चॅम्फर मारतात. म्हणजे तोंडाची धार काढून तिरका उतार द्यायचा. मशीनवर तो, आणि लांब पाईप पलीकडून धरायला मी. एक तोंड झालं की पाईप फिरवायचा, दुसरं पुढे करायचं. जन्म त्यातच गेला. खांदे दुखतात, गुडघे तर विचारू नका. पण कोणी मला "बाबा, बसा जरा" म्हटलेलं खपत नाही.

मशीनला तो दुसऱ्याचा हात लागू देत नाही. ते थरथरायला लागलं की "बाईसाहेब रुसल्या" म्हणून काम बंद. मग कटर काढ, पूस, ऑइल घाल, वर समजूत काढ. तोवर मी पाईप धरून उभा.

औंदा शेठनी नवं मशीन बघितलं. दोन्ही तोंडं एकदम मारणारं, पाईपही स्वतःच धरणारं. म्हणजे पलीकडचा माणूस घरी. तो माणूस मी. शेठ म्हणाले, रज्जाकभाई पास करेल तेच घेऊ.

विकणाऱ्याच्या गोडाउनात आम्ही तिघं गेलो. रज्जाकभाईने बाजारात बैल बघावा तसे कटरचे दात बघितले. विकणाऱ्याने पाईप मारून दिला. याने तो गालावर फिरवला, डोळे मिटले.

"खरखरतंय."

दुसरा मारला. तोही खरखरतोय म्हणाला. शेठ वैतागले आणि शेवटी त्याच्याच म्हणण्यावरून जुन्या पद्धतीचं, एका तोंडाचं मशीन ठरवून गाडीत जाऊन बसले.

मी तो पाईप हळूच आपल्या गालाला लावला. लोण्यासारखा होता.

माझं डोकं फिरलं. त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, माझ्यावर उपकार करतोस काय? मला कोणाची दया नको.

तो दमल्यासारखा पायरीवर टेकला.

"तुझ्यावर कशाला रे काशिनाथ? तुझी भाभी गेली, तवापासून घरात कोणी आवाज चढवत नाय माझ्यावर. सून बी म्हणते, अब्बा आराम करा. तू बी घरी बसल्यावर मी भांडू कोणाशी?"

मग शेड येईपर्यंत मी त्याच्याशी भांडत राहिलो.