दाराजवळची खुर्ची

“मृत्यू हा कधीच योगायोग नसतो! तो आधीच आकड्यांत येऊन बसलेला असतो!”

एवढं थोर वाक्य डॉक्टरांनी उच्चारलं ते ऑफिसच्या जिन्याच्या वळणावर, कठड्याला लोंबकळून. ऐकायला फक्त फायलींचा ढीग घेतलेला म्हातारा शिपाई.

“बरोबर आहे साहेब,” तो म्हणाला, “पण जरा सरकता का?”

डॉक्टर म्हणजे डिग्रीपुरते डॉक्टर. रोग्यांची कटकट नको म्हणून त्यांनी तरुणपणीच सरकारी खुर्ची धरली आणि संख्याशास्त्राचा छंद लावून घेतला. लोक सुट्टीच्या दिवशी झोपा काढतात, हे सरासऱ्या काढत. हल्ली जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत. विचार करायला!

“अहो, इतका विचार पूर्वी कुठं करायचात?” बायकोनं विचारलंही.

“तू मोज्यांचं बघ! धुऊन धुऊन आटवलेस. घोट्यांवर वळ उठतात!”

तर त्यांचा ताजा शोध असा, की तळमजल्यावर दाराजवळ जी खुर्ची आहे, तिच्यावर बसलेला माणूस टिकत नाही. रोखपाल गेला, टंकलेखक गेला, आणि आता आवक-जावकचा कारकून गेला. हा शोध त्यांनी जाहीर कुठं करावा? कारकुनाच्या शोकसभेत!

“म्हणजे यांना खुर्चीनं मारलं?” कारकुनाची बायको हुंदका अर्धवट टाकून उभी राहिली.

“आकडे तसं म्हणतात, वहिनी.”

झालं! दुसऱ्या दिवशी सगळे मागच्या दारानं आत येऊ लागले. कुणीतरी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, कुणी खांबाला बांधली. पहारेकरी म्हणाला, “चोर आले तर बघून घेईन, पण हिच्या शेजारी उभा राहणार नाही!” आवक थांबली, जावक थांबली. शेवटी संचालकबाईंनी डॉक्टरांना वर बोलावलं. डॉक्टर वळणावळणावर भरपूर विचार करत पोचले.

“डॉक्टर, उद्यापासून ती खुर्ची तुमची.”

“मॅडम! ही तर फाशी झाली!”

“कसली फाशी? ती खुर्ची मी माणूस बघूनच देते. दार जवळ, जिना चढायला नको. रोखपालाचं हृदय अर्धं निकामी होतं, टंकलेखकाला दोन वाक्यं बोलताना धाप लागायची, कारकुनाला तर दोन झटके येऊन गेले होते. खुर्चीनं कुणी मेलं नाही हो. मरायला टेकलेल्यांना मी तिथं टेकवलं!”

डॉक्टरांचा चेहरा पडला. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातली चूक! कारण कुठलं नि परिणाम कुठला, हेच उलटं धरलं होतं. क्षणभर त्यांना मनापासून लाज वाटली. मग हळूच दुसरी गोष्ट डोक्यात शिरली.

“पण मग... मला का?”

बाईंनी दाराबाहेर बोट दाखवलं. त्यांच्या खोलीचं दार जिन्यासमोरच होतं.

“वळणावर मी विचार करतो, मॅडम.”

“ओठ जांभळे करून?”

डॉक्टरांनी स्वतःचं मनगट धरलं. कित्येक वर्षांनी हाती रोगी लागला होता! नाडी चालायची, अडखळायची, पुन्हा धावायची. मग वाकून त्यांनी पँट वर केली आणि घोट्यावर बोट दाबलं. बोट उचललं तरी सुजेत खळगा तसाच राहिला. मोठ्या इस्पितळात जायला बाईंनी गाडी मागवली. डॉक्टरांनी घरी फोन लावला.

“अगं, मोजे आटले नव्हते.”

“मग काय झालं होतं?”

“ते इस्पितळात सांगतो. तू ये तिकडे.” जरा दम घेऊन ते म्हणाले, “आणि येताना तेवढे माझे सैल मोजे आण.”