साडू, खेकडा आणि माझं बोट

कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं खेकड्यांच्या बरण्या सांभाळतोय. खेकडा ओळखायला मला पुस्तक लागत नाही! पण माझे साडू पडले दातांचे डॉक्टर. त्यांनी कॅमेरा घेतला काय, आणि दोन महिन्यांत फिडलर खेकड्याच्या तीन जाती ओळखल्या काय! आमच्या घरी जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर तेच.

"भावजींची नजर किती बारीक!" बायको म्हणायची.

मग माझी काय जाडी?

म्हणून खाडीतल्या खेकड्यांच्या पाहणीला मीही नाव दिलं. बायकोही आली. माझा पराक्रम बघायला, असं आपलं मी धरून चाललो.

ओहोटी लागली होती. चिखलात फिडलरचे शेकडो नर एकेक अवाढव्य नांगी हलवत उभे होते. जीव एवढासा आणि नांगी अंगापेक्षा मोठी!

"हा निळा वेगळा, तो पांढरा वेगळा!" मी जाहीर केलं.

"रंगावर जाऊ नका, तो बदलतो," पाहणीच्या मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांमधलं अंतर बघा, नांगी हलवायची तऱ्हा बघा. नांगीच्या आतले कंगोरे दिसले तर सोन्याहून पिवळं. पण हात लावायचा नाही!"

साडू लगेच चिखलात पालथे! तेवढ्यात बांधावरून बायकोनं हात हलवला. नक्की साडूंनाच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कंगोरे हवेत ना? हे घ्या!" म्हणत मी झेप घेतली. खेकडा हातात आला, मी गुडघ्यापर्यंत आत गेलो आणि त्यानं माझं बोट पकडलं.

"मेलो! सोडवा!"

"सोडवतो, सोडवतो! आधी हात वर करा," साडू धावत आले. "जरा डावीकडे... वा! काय कंगोरे आहेत!"

खटाखट फोटो निघाले. खेकड्याला कंटाळा आला, तेव्हा बोट सोडून तो बिळात गेला.

"अहो, तिकडे दलदल आहे म्हणून कधीची हात करतेय तुम्हाला!" बायको बांधावरून ओरडली.

महिन्याभरानं अहवाल आला. पहिल्याच पानावर तो फोटो! 'या जातीची या खाडीतील पहिली नोंद. ओळख व छायाचित्र: डॉक्टरसाहेब.' मी माझं नाव शोधलं. खाली बारीक अक्षरांत होतं: 'मापासाठी शेजारी बोट.'

बायकोनं फोटो कौतुकानं निरखला.

"बोट तुमचंच ना? नखातल्या मळावरून लगेच ओळखलं हो मी!"