परबकाकांच्या फर्माइशी

“माइकवाल्या, आवाज वाढव रे! शाहीर गातत, डास नाय!”

घाटकोपरला आमच्या चाळीच्या वार्षिक पूजेला मांडवात ही आरोळी उठली की समजावं, परबकाका स्थानापन्न झाले. त्यांना स्वतःला माइक कधीच लागला नाही. तीस वर्षं गिरणीच्या खडखडाटावर ओरडून कमावलेला गळा तो. काकांनी खिडकीतून दूधवाल्याला हाक मारली की गोरेगावातले तबेले दचकत.

शाहीर विठू कांडरकर हे त्यांचं दैवत. स्वतः लिहायचे, स्वतः चाल लावायचे, स्वतःच गायचे: होडीवर, सुकटीवर, नळाच्या पाण्यावर. काका त्यांच्यामागे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत हिंडत. घरची मंडळी गावी; खोलीत काका, एक स्टोव्ह आणि शाहिरांच्या गाण्यांची वही. रेडिओ लावला तर म्हणत, “बाकीचो सगळो आवाज. ह्यां गाणां.”

पण त्या वर्षी चाळीत डिस्को शिरला होता. अध्यक्ष सावंतांनी ठरवलं, शाहिरांची दोन गाणी, मग ऑर्केस्ट्रा. शाहिरांसाठी फर्माइशीच्या चिठ्ठ्या आल्याच, तर आणखी गाण्यांचं पुढचं पुढे. शाहीर संध्याकाळी चहा घेताना काकांना म्हणाले होते, “ह्या वेळी स्टेजवरून खाली उतरवलं, तर डफ कायमचा खुंटीला.” काकांनी चहा अर्धा टाकला. संपातसुद्धा त्यांनी चहा टाकला नव्हता.

निवेदक मी, आयुष्यात पहिल्यांदाच. दुसरं गाणं संपलं आणि चिठ्ठ्यांची रीघ लागली. कुर्ल्याहून कुमारी प्रमिला आणि मैत्रिणी. गोराईहून खास होडीने आलेले आगुस्तीन आणि परिवार. चिठ्ठ्यांच्या हिशेबाने मांडवात मुंगीला जागा नव्हती. प्रत्यक्षात निम्म्या खुर्च्यांवर रुमाल बसले होते, ऑर्केस्ट्रासाठी जागा धरून. प्रत्येक चिठ्ठी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, एकाच अक्षरात. प्रमिलाचं नाव घेतलं की पहिली टाळी परबकाकांची.

नववी चिठ्ठी मी वाचली आणि मग जीभ चावली. “लक्ष्मण धुरी, खोली नंबर बारा.”

धुरींच्या तेराव्याला आम्ही सगळे महिन्यापूर्वीच जेवलो होतो. दर वर्षी ते काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसत. नावं संपत आली असणार, आणि हाताने सवयीचं नाव लिहून टाकलं.

सावंत स्टेजपाशी आले. “मेलेल्या माणसाच्या नावाने चिठ्ठ्या कोण लिहितंय? बघू, दे इकडे.”

गठ्ठा त्यांच्या हाती गेला असता तर सगळं अक्षर एकाचंच, हे चारचौघांत शाहिरांसमोर उघडं पडलं असतं. मी काकांकडे पाहिलं. तो गोरेगावपर्यंत पोचणारा गळा मान खाली घालून स्वतःचे गुडघे बघत होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने धुरीकाकू उभ्या राहिल्या.

“चिठी आमच्याच घरची. ह्यांका होडीचां गाणां आवडायचां. गावंदेत.”

सावंतांचा पुढे केलेला हात आपसूक खिशात गेला. शाहिरांनी डफावर थाप मारली. दुसऱ्या कडव्याला रुमालवाले मालक परत येऊन बसले आणि तिसऱ्याला ऑर्केस्ट्राचा ढोलकीवाला न सांगता ठेका धरू लागला. परबकाकांनी असा काही श्वास सोडला की मांडवाच्या पताका हलल्या. शाहिरांनी त्यानंतर आणखी सहा गाणी म्हटली. सावंतांनीच सातवं मागितलं.

नंतर मांडवामागे शाहिरांनी चिठ्ठ्या मागून घेतल्या. एकेक मांडीवर सपाट करून पिशवीत ठेवली. पिशवीत दोऱ्याने बांधलेला आणखी एक गठ्ठा होता. तीच कॅलेंडरची पानं, पिवळी पडलेली.

मी साळसूदपणे म्हटलं, “शाहीर, केवढे चाहते हो तुमचे.”

“एकच आहे,” ते म्हणाले. “पण दर वर्षी येतो.”