किती वाजता जाणार?

आमच्या शुक्रवार पेठेत मल्लिनाथअप्पांना कुणी पत्ता विचारू नये. सांगत नाहीत असं नाही, लई सांगतात. पण आधी विचारतात, "किती वाजता जाणार?" अकराच्या आत जायचं असेल तर पिठाच्या गिरणीकडून, बारानंतर तालमीच्या मागून, आणि दोन ते चारच्या मध्ये जायचं असेल तर जाऊच नका, बसा, चहा घ्या. एकदा लग्नाला निघालेल्या पाहुण्याला त्यांनी असं सावलीसावलीनं पाठवलं, की बिचारा मांडवात पोचला तेव्हा शेवटची पंगत उठत होती. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "पण घाम आला का त्याला? न्हाय की."

चादरींच्या दुकानात जन्म गेला या माणसाचा. आता सत्तरी उलटली, दुकान मुलाकडे आणि पेठेतलं ऊन अप्पांकडे. कुठल्या भिंतीची सावली कधी कुठवर येते, हे त्यांना नातवंडांच्या नावांपेक्षा पक्कं ठाऊक. "ऊन फुकट मिळतंय, सावली लावावी लागती," हे त्यांचं पालुपद. मी समोरच राहते, ब्लाउज शिवते. माझं मशीन खिडकीशी, त्यामुळे हे ऐकायचं भाग्य मला जरा जास्तच.

गेल्या वैशाखात मात्र हे वेड हाताबाहेर गेलं. महादेवीअक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्याआधी अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. रस्त्याच्या टोकाच्या दवाखान्यात रोज चारला व्यायामाला यायचं, तेही चालत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक दिवस उन्हानं भोवळ आली आणि अक्का रस्त्यातच बसल्या. लोक जमले. त्यांना पदरसुद्धा सावरता येईना. त्या दिवसापासून अक्कांनी उंबरा ओलांडायचं सोडलं आणि पाय परत आखडायला लागला. आणि अप्पा रस्ताभर झाडं पाहिजेत म्हणून अख्ख्या पेठेचं डोकं खायला लागले.

योग असा, की महापालिकेनं आमचा रस्ता नव्यानं करायला काढला. आराखडा दाखवायला एक इंजिनिअर बाई संध्याकाळी येणार होत्या. अप्पांनी कचेरीत हेलपाटे घालून घालून ती बैठक भर दुपारी एकला, रस्त्यावरच ठेवायला लावली. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, म्हातारा आता सगळ्यांना भाजून काढणार.

झालं काय, अख्ख्या रस्त्यावर गिरणीपुढचा एकच लिंब. सगळी बैठक त्याच्याखाली कोंबली गेली. सावली सरकली की बाई सरकत, बाईंमागे आराखडा, आराखड्यामागे आम्ही. शेवटी सगळे गिरणीच्या ओट्यावर, पिठात. बाईंनी आपणहूनच घाम पुसत लिहून घेतलं : रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंब. बुंध्याभोवती काँक्रीट नाही, उघडी माती, म्हणजे पावसाचं पाणी जिरेल आणि रस्ता तव्यासारखा तापणार नाही.

अप्पा जिंकले म्हणेपर्यंत तालमीचे वस्ताद उठले. शांतपणे म्हणाले, "अप्पा, दोन्हीकडनं फांद्या आल्यावर संक्रांतीला काठ्या कुटनं न्यायच्या?"

सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या काठ्या आमच्याच रस्त्यानं जातात. दोन मजली घराहून उंच. आणि या अप्पांनी तरुणपणी पांढरी बाराबंदी घालून ती काठी पेललेली. तिच्या वाटेत एखादी वायर लोंबकळली तर वायरवाल्याच्या सात पिढ्या उद्धरणारा हा माणूस, आणि त्यालाच काठीचा विसर पडावा! अप्पांनी दोन्ही कान धरले, देवळाच्या दिशेला हात जोडले आणि मुकाट एका बाजूची झाडं मागं घेतली.

पण कुठली बाजू ठेवायची, यावर गाडं अडलं. दुकानं सगळी पूर्वेला. दुकानदार म्हणाले, झाडं आमच्या दारात लावा. अप्पा म्हणाले, पश्चिमेलाच. का? तर पश्चिमेलाच. एरवी एका प्रश्नाला दहा कारणं देणारा माणूस मान खाली घालून उभा. बाई वैतागल्या, दुकानदार चिडले, कुणीतरी म्हातारचळ म्हणालं. मग मात्र माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, दुपारी चारला पश्चिमेच्या झाडांचीच सावली रस्त्यावर पडते, आणि चारला या रस्त्यानं कुणाला चालायचंय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. मग दुकानदारांतले थोरले म्हणाले, लावा तिकडं.

पावसाळ्यात रोपं लागली. गुडघ्याएवढी. मी अप्पांना विचारलं, यांची सावली पडायला पाच-सहा वर्षं तरी जातील, तोवर अक्कांनी काय करायचं? "तोवर मी हाय की," म्हणाले. मी मनात म्हटलं, तुम्ही असून काय उपयोग, तुम्ही काय झाड आहात?

यंदाच्या चैत्रात एका दुपारी खिडकीतून बघते, तर अक्का उंबऱ्यावर उभ्या. अप्पांनी हात धरून त्यांना खाली उतरवलं. दोघं रस्त्याला लागली. अक्का आतल्या अंगाला, आणि पश्चिमेकडून अप्पा, बोडक्यानं, रणरणत्या उन्हात, आपली सावली बरोबर अक्कांवर पडेल असे. अक्का थांबल्या की थांबत होते. अक्का जरा पुढं गेल्या, डोक्यावर ऊन आलं, की लगबगीनं दोन पावलं टाकून परत सावली धरत होते.

मशीन थांबवलं मी. डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

माझ्या खिडकीखाली आल्यावर अक्का अडखळत बोलल्या, तुम्हाला ऊन लागतंय. अप्पा त्यांच्या घरच्या कन्नडात एवढंच म्हणाले, "नडी, नडी."

चाल, चाल.