कमलाक्कांचं बेट

आमच्या शेजारच्या कमलाक्का रोज दुपारी जेवण उरकतात, भांडी घासून पालथी घालतात, आणि मग एक लष्करी तळ उडवतात.

पहिल्यांदा तो धमाका ऐकला तेव्हा मी कूलरसमोर आडवा झालो होतो. जळगावच्या उन्हाळ्यात दुपारची झोप ही चैन नसून औषध आहे, असं माझं ठाम मत आहे. भिंत हादरली तसा मी बनियनवरच धावत गेलो. म्हटलं, गेला सिलिंडर! बघतो तर अक्का टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या, हातात व्हिडिओ गेमचं ते दोन कानांचं रिमोट आणि पडद्यावर आगीचा डोंब.

"घाबरू नका भाऊ," अक्का मान न वळवता म्हणाल्या, "सिलिंडर नही, त्यासना दारूगोळा उडना."

कमलाक्का मूळच्या शिंदखेड्याच्या. नवरा वारला, तशा लेकीला घेऊन इथे जळगावच्या पिंप्राळ्यात आल्या आणि आमच्या सोसायटीत स्थिरावल्या. लेक वैशाली शिकली, नोकरीला लागली, लग्न करून नवऱ्यासोबत कॅनडाला गेली. जाताना तिचं खेळायचं यंत्र इथेच राहिलं. अक्कांनी ते चालू केलं ते केवळ काळजीपोटी. "मशीन बंद ऱ्हायनं का खराब व्हस," हे त्यांचं शास्त्र. अंगणातली स्कूटर चालवता येत नाही, तरी त्या ती आठवड्याला सुरू करून पाच मिनिटं घुर्रऽ करू देतात. तसंच हे. फक्त स्कूटरनं त्यांना वेड लावलं नाही, या यंत्रानं लावलं.

खेळ असा की एक बेट आहे, त्यावर एक हुकूमशहा आहे आणि त्याचे तळ, मनोरे, पुतळे, इंधनाच्या टाक्या जे दिसेल ते उडवून बेट मोकळं करायचं. कुठूनही कुठेही जा, अडवणारं कोणी नाही. पहिल्या भागातलं बेट अक्कांनी कधीच स्वतंत्र केलं. मग वैशूनं दुसरा भाग पाठवला. त्याचं कौतुक अक्का पापड लाटताना बायकांना सांगतात, "पहिलामा एक टाकी उडे. यामा एक उडनी का बाजूनी बठ्ठी उडतस! आते दखा मजा!" बायका माना डोलावतात. एकीनं तर लाटणं ठेवून टाळी दिली.

मी व्हिडिओ गेमचा कट्टर विरोधक. शाळेत शिकवतो, त्यामुळे विरोध करणं भागच आहे. पण हळूहळू मी झोपेचं औषध सोडून अक्कांच्या दिवाणावर बसू लागलो, हे बायकोनं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलंय.

अक्कांची लढायची रीत मात्र निराळी. लुटलेली मोटार त्या बाजूला नीट लावतात. पुतळा पाडण्याआधी हात जोडतात, कारण पुतळा कोणाचा का असेना, आधी नमस्कार. आणि पाण्याच्या टाकीला हात लावत नाहीत. आता या दुसऱ्या भागाचा नियम असा की तळावरची पाण्याची टाकीसुद्धा फोडल्याशिवाय तो तळ जिंकला असं धरत नाहीत. त्यामुळे अक्कांचं निम्मं बेट कायमचं गुलामगिरीत आहे.

"अहो अक्का, चित्रातली टाकी ती. फोडा की!"

"पाणीनी टाकीले मी हात लावाव नही, भाऊ. सिपाई पळी जातीन, पण मंग गावना लोके काय पितीन?"

नळाची वाट बघण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्याशी या विषयावर वाद घालू नये.

या वर्षी आखाजीला वैशू येणार होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी सासरची पोर माहेरी येते, निंबाला झोका बांधतात, पोरी दिवसभर त्यावर झुलतात. परदेशी गेल्यापासून वैशूची एकही आखाजी माहेरी झाली नव्हती. अक्कांनी गाद्या उन्हात टाकल्या, सांजोऱ्या केल्या, मला दोर आणायला पिटाळलं. आणि दोन दिवस आधी फोन आला. अक्का एवढंच म्हणाल्या, "वैशूले सुटी नही भेटनी." त्या दिवशी भिंतीपलीकडे एकही तळ उडाला नाही. मला झोप लागली नाही.

आखाजीच्या दुपारी मात्र टीव्हीचा आवाज आला. मी गेलो. या दुसऱ्या भागात दोघांना दोन ठिकाणांहून एकत्र खेळता येतं आणि दोर फेकून कुठलीही वस्तू कशालाही बांधता येते. एरवी अक्का त्या दोरानं रणगाडे एकमेकांवर आपटतात. आज त्यांनी एक उघडी जीप दोन दोरांनी एका उंच पुलाखाली टांगली होती. जीपमध्ये दाढीवाला, दंडावर गोंदलेला, पाठीवर बंदूक लावलेला एक आडदांड गडी बसला होता. ती वैशू. दुसरा तसाच गडी जीपला मागून धक्के देत होता. त्या अक्का.

"घट धर वं वैशू! हाऊ झोका कसा शे?"

"मम्मी, अजून जोरात!" टीव्हीतून वैशूचा आवाज आला. तिकडे पहाट होती, पण आवाज शाळकरी पोरीचा होता.

मध्येच शत्रूचं हेलिकॉप्टर आलं. अक्कांनी पुटपुटत ते पाडलं आणि पुन्हा झोक्याला हात लावला. मी हसायला तोंड उघडलं, पण हसू फुटेना.

थोड्या वेळानं वैशू म्हणाली, "मम्मी, निघते गं आता. ऑफिसचं आवरायचंय."

अक्का रिमोट खाली ठेवून चटकन उठल्या, पदर सारखा केला आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या.

"हळू जाय बेटा. पोचनी का फोन कर."

पडद्यावरचा गडी नाहीसा झाला. ती तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीत बसलेली होती, ती पोचणार कुठे? हे अक्कांच्या लक्षात आलं तर काय, म्हणून मी उगाच पंख्याकडे बघत राहिलो. अक्कांनी माझ्यापुढे सांजोऱ्यांची ताटली ठेवली.

पहिलीच सांजोरी संपत आली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मम्मी, पोचले."

"पोचनी का? बरं झायं माय," अक्का म्हणाल्या. "दमनी व्हशी. चहा पी ले."