लेलेबाईंची बॅटरी

रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजली, की बायको डोळे न उघडता म्हणायची, "तुझ्याकडेच आल्यात." दार उघडलं, की समोर लेलेबाई. डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यासारखा जाड चष्मा, कोपरापर्यंत रबरी मोजे आणि साडीवर भोकं पडलेला ॲप्रन.

"अहो वानखेडे, चला. आणि अंगठी काढून ठेवा. धातू नको."

लेलेबाई कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्त झाल्या आणि लगेच त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली. आत पलंग, शेगडी, पंखा, पाच दिवे. दिव्या-पंख्यासाठी पलंगाखाली दोन दांडग्या बॅटऱ्या. चाकांवरचं घरच ते. ते कुठे जातं, हे मात्र सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच, की बॅटरी चार्ज करताना माणसानं एकटं असू नये, असा बाईंचा नियम आहे आणि दुसरं माणूस मी आहे.

आठवडाभर हिंजवडीत कोडमधल्या चुका निस्तरायच्या आणि रविवारी पार्किंगमध्ये तोंडी परीक्षा द्यायची!

"आधी कुठली वायर काढायची?"

"काळी. पाना पत्र्याला लागून ठिणगी पडू नये म्हणून."

"अरे वा. तुमच्या अमरावतीतही शिकवतात म्हणायचं."

मग गाडीची सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, कारण चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू पेट घेतो. दुसऱ्या मजल्यावरच्या साठ्यांनी एकदा गाडीजवळ सिगारेट काढली. बाई म्हणाल्या, "फाटकाबाहेर ओढा. तिथं तुमचं एकट्याचंच नुकसान होईल." साठे आजतागायत बाईंशी बोलत नाहीत. बाईंच्या ते लक्षात आलेलं नाही.

चार्जिंग झालं, की आधी बटण बंद, मग चिमटे काढायचे, मग पाण्याची पातळी. पाणी डिस्टिल्डच. मी एकदा घाईत मिनरल वॉटरची बाटली पुढे केली. "हे तुम्ही प्या," बाई म्हणाल्या, "बॅटरीला हे असले शौक नाहीत." चष्मा विसरलो, तर ठरलेलं वाक्य: "वानखेडे, डोळे मंडईत मिळत नाहीत."

एवढं करून ती बॅटरी वापरायची नाही! एकदा उकडलं म्हणून मी आतला पंखा लावला, तर बाई किंचाळल्याच. "बंद करा! अर्ध्याखाली उतरली, की आयुष्य कमी होतं तिचं." लोडशेडिंगमध्ये सगळी सोसायटी घामाघूम व्हायची. खाली दोन बॅटऱ्या तुडुंब भरलेल्या आणि बाई दारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या. मला त्या पुठ्ठ्याचाच राग यायचा.

एका रविवारी बाई आल्या त्या हाताला बँडेज बांधून. मनगट मुरगळलं होतं.

"गाडी चालवता येते ना? बिबवेवाडीला जायचंय. महिन्यातून एकदा जावं लागतं."

नाही म्हणणार होतो. जमलं नाही.

बिबवेवाडीला बाईंच्या भावाचं घर. त्यांच्या वहिनींनी हाताला धरून एका बाईंना खाली आणलं. पन्नाशी उलटलेली, दोन वेण्या, फुलाफुलांचा फ्रॉक. "ही मंदा. माझी धाकटी बहीण," बाई म्हणाल्या. मंदाताईंचं वय वाढलं होतं, समज चार वर्षांच्या मुलीची राहिली होती. त्या माझ्याकडे न बघता गाडीत चढल्या आणि थेट बटणांपाशी गेल्या.

कात्रजच्या पुढे एका वडाखाली गाडी लावली. भर दुपारी पाचही दिवे लागले. विझले. लागले. पंखा सुरू, पंखा बंद. प्रत्येक वेळी मंदाताई टाळ्या वाजवत होत्या. बाई शेजारी बसून एका हातानं मोसंबी सोलत होत्या. माझी नजर मात्र बॅटरीच्या मीटरच्या काट्यावर. बाईंनीच लावलेली सवय.

"बाई, अर्ध्यावर आली."

"दिसतंय मला."

थोड्या वेळानं मला राहवेना. "बाई, अर्ध्याखाली गेली! बॅटरीचं आयुष्य..."

"जाऊ दे हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "घरी तिला बटणांना हात लावू देत नाहीत. दिवसभर खटखट करते म्हणून ओरडतात. त्यांचंही बरोबरच आहे."

दिवे पिवळे पडत चालले होते. मंदाताईंनी ते विझवले आणि बटणावर बोट ठेवून मागे वळून विचारलं, "ताई, परत लावू?"

"लाव गं," बाई म्हणाल्या आणि मोसंबीची फोड त्यांनी तिच्या तोंडात घातली.